खळीनं चिकटवलेली पानं

…तर खळ शिजली होती, इथवर काल आलो होतो. कणकेची खळ, चांगली घट्ट, निवडणुकीत भिंतीवर पोस्टरं लावायला शिजवतात तशी. शिजवणारे भगवंतराव, गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. पुढ्यात एक कादंबरी उघडी पडलेली. आता कोणी म्हणेल, पानं नको होती तर फाडायची! पण नाही हो. पुस्तकाला चुकून पाय लागला तर कपाळाला हात लावणारा माणूस तो. पुस्तक फाडणं म्हणजे सरस्वतीचा अपमान. म्हणून त्यांनी नको वाटलेली पानं एकाला एक चिकटवली, वर पाटा ठेवला आणि वाळल्यावर पुस्तक मुकाट्यानं कपाटात परत. पापही नाही, बोभाटाही नाही.

ते कपाट आशाबाई सांभाळत. माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातलं, वडील फुलांचे हार विकायचे. भाऊ घरात कादंबऱ्या आणायचा आणि उशाखाली ठेवायचा. आशाच्या हातात एखादी दिसली की आई म्हणायची, पोरीच्या जातीनं पोथी वाचावी. तो राग जो डोक्यात बसला तो बसलाच. लग्न होऊन दर्यापूरकडच्या या गावात आल्या, सासरचा भाजीचा मळा अंगावर घेतला. वाचनालयाची किल्ली घ्यायला कोणी पुढे होईना, तेव्हा ह्याच म्हणाल्या, "आना इकडं."

पोट्ट्यांना पुस्तक द्यायची त्यांची तऱ्हा न्यारी. आधी स्वतः वाचायचं. मग मळ्यात पालकाच्या जुड्या बांधता बांधता जवळ बसलेल्याला अर्धी गोष्ट सांगायची. पोरगा घर सोडून निघाला, नदीला पूर, नावाडी नाही म्हणाला… आणि बाई एकदम गप्प.

"मंग काय झालं, काकू?"

"मले काय पुसतं? कपाटात हाय, जाय घेऊन ये."

बरं, सगळ्यांना एकच पुस्तक नाही. बापाशी अबोला धरलेल्याला वेगळं, दहावीत आपटलेल्याला वेगळं. भगवंतरावांनी आणवलेल्या संस्काराच्या पुस्तकांवर मात्र त्यांचा दात. "यातले पोट्टे सकाळपासून नमस्कारच करून राहिले," त्या म्हणायच्या, "त्याइले भूक नाई लागत, राग नाई येत. कोन वाचीन?"

गावातल्याच म्हाताऱ्या माणिकबाईंची नात खुशी रोज शाळेला दर्यापूरला जायची, माणसामागे भाडं घेणाऱ्या जीपमधून. आशाबाईंनी मळ्यातून पाहिलं होतं, की जीप येते, जागा असते, तरी पोरगी चढत नाही. मागे सरते, दुसरीची वाट पाहते. विचारलं तर म्हणाली, "काई नाई, काकू." मग आशाबाईंनी विचारणं सोडलं आणि कपाटातून ती कादंबरी काढली. एसटीनं शाळेला जाणाऱ्या मुलीची. एक माणूस रोज तिच्या शेजारी बसतो, नको तिथं हात लावतो. बरेच दिवस ती सोसते, आणि मग एका दुपारी आत्याला सगळं सांगते. त्या दुपारची पानं आशाबाईंनी स्वतः रडत वाचली होती.

आठवड्यानं खुशीनं पुस्तक परत केलं. म्हणाली, "चांगलं हाय. पन काकू, थे पोरगी शेवटपर्यंत चूपच काहून राहिली?"

"चूप कुठं? आत्याले सांगते ना!"

"नाई, काकू. मी सारं वाचलं. थे चूप राह्यते, आन् मंग सारं आपोआप ठीक होते."

आशाबाईंनी पुस्तक हातात घेतलं. मधेच एक पान पापडासारखं जाड लागलं. नखानं टोक उकललं तर खळीची पापडी हातात आली. पुस्तक मिटून त्यांनी खुशीला शेजारी बसवलं आणि ती दुपार तोंडानं सांगितली, शब्दाला शब्द. या खेपेला मधे थांबल्या नाहीत. आत्या काय म्हणाली इथवर येईतो खुशी त्यांच्या पदरात तोंड घालून हुंदके देत होती. मग जीपमधल्या माणसाचं सगळं तिनं सांगितलं, आधी काकूंना, संध्याकाळी आजीला.

दुसऱ्या दिवशी जीपमधे खुशीसोबत माणिकबाई. तो माणूस सरकून जवळ आला, तशी म्हातारीनं भेंडीचं भरलं टोपलं त्याच्या मांडीवर ठेवलं. "धर रे बाप्पू, दोन्ही हातानं धर. एक हात जरी सुटला तं दर्यापुरापर्यंत तुई वरात काढतो." काय बिशाद सुटायची! दर्यापूर आल्यावर वरात काढलीच, भर स्टँडवर. ड्रायव्हरनं त्याला पुन्हा गाडीत घेतलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण गावात बोभाटा झाला, आणि भगवंतरावांना त्या माणसाचा नाही, पुस्तकाचा राग आला. रविवारी देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली. कोपऱ्यात माणिकबाई येऊन बसली, तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"पानं मीच चिकटवली," भगवंतराव ताठ मानेनं म्हणाले. "लपवून नाई ठेवत. अशा गोष्टीनं पोरी बिघडतात. पाहा, स्टँडवर तमाशा झाला, घराची अब्रू गेली. आजपासून शाळेच्या पोट्ट्यायले कादंबरी बंद. संस्काराची पुस्तकं द्या. नाई जमत तं किल्ली ठेवा."

बैठकीला आलेल्यांपैकी एकानं मोबाइल काढला, एक छताकडे पाहू लागला. आशाबाईंना त्या दोघांचा जास्त राग आला. ह्यांच्या पोरीसुद्धा त्याच जीपनं जातात.

त्यांनी पिशवीतून कादंबरी काढली. रात्री वाफेवर धरून पानं सोडवलेली, कडा सुरकुतलेल्या, अक्षरं मात्र शाबूत. उठल्या आणि पुस्तक भगवंतरावांच्या पुढ्यात उघडं ठेवलं.

"आता शेवटचं पुसतो, आशाबाई," ते पुस्तकाकडे न पाहता म्हणाले. "किल्ली ठेवता, का आमचं आयकता?"

आशाबाई म्हणाल्या, "भाऊ, आदी हे पान वाचा, मोठ्यानं, साऱ्याइले आयकू जाईन असं. खुशीची आजी बसली हाय, तिले वाचता येत नाई, तिच्यासाठी वाचा. यातला कोनता शब्द तिच्या नातीनं वाचू नोय, थो तिच्या तोंडाकडं पाहून सांगा. किल्ली माया कमरेले हाय, आन् थे तिथंच राहीन."