कुंभकोणमला डोंगर नव्हता

शिक्षकांच्या खोलीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. डबे उघडतात, एकीला काहीतरी आठवतं, दुसरी त्यात आपलं जोडते. होता होता एवढा साठा होतो की आज मला वर्गांपेक्षा ती खोलीच जास्त आठवते!

पन्नासच्या दशकात कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत आम्ही तिघी एका बाकावर बसायचो. मी भूगोल शिकवायची. कमलांबाळ तमिळ शिकवायच्या. आणि गणिताच्या सेतूबाई माझ्यासारख्याच तंजावरी मराठी घरातल्या, विधवा, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्या जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल या गावाहून रोज गाडीने यायच्या.

*

जूनमध्ये एकदा इन्स्पेक्टर आले. चोळपुरमच्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "कावेरी कोणत्या दिशेला वाहते?"

ती म्हणाली, "आता वाहत नाही, सर. पाणी सोडलं की वाहील."

इन्स्पेक्टर पोट धरून हसले. मुलगी मात्र हसली नाही. धरणाचं पाणी यायचं लांबलं होतं, आणि तिच्या घरी सगळे कोरड्या कालव्याकडे बघत बसले होते.

*

पुस्तकात धडा होता, डोंगर आणि नद्यांमधलं लहान गाव. नद्या आमच्याकडे दोन, उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. डोंगर औषधालाही नाही!

"टीचर, डोंगर म्हणजे स्वामीमलै ना?" मुली म्हणाल्या.

मी सांगितलं, ती देवळासाठी माणसांनी रचलेली टेकडी आहे. झालं! भूगोलाच्या टीचर देव मानत नाहीत, अशी तक्रार कमलांबाळकडे गेली.

त्या म्हणाल्या, "देव मानतात गं. डोंगर तेवढा मानत नाहीत."

*

सेतूबाईंची एकुलती एक मुलगी रुक्मी. तिला स्थळ आलं थेट साताऱ्याच्या बाजूचं. मंडळी बघायला आली. सेतूबाईंनी विचारलं, "वाटेंत श्रम फार जाहले कीं?"

मुलाच्या काकांना हसू आवरेना. "बाई, तुमची बोली ऐकून मला माझी पणजी आठवली!"

सेतूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग आधीं पणजीस नमस्कार करा!"

काका खरंच वाकले. लग्न ठरलं.

*

रुक्मी सासरी गेली, आणि सेतूबाई मोकळ्या तासाला माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या. डोंगराचा धडा त्यांनी मुलींबरोबर ऐकला. तास संपल्यावर म्हणाल्या, "राधा, तिथें सूर्य कधीं उगवतो ग?"

"आपल्यापेक्षा उशिरा. गाव पश्चिमेला, त्यात डोंगर आडवा."

तेव्हापासून सकाळच्या प्रार्थनेला माझ्या शेजारी उभ्या राहिल्या की हळूच म्हणायच्या, "रुक्मी निजली असेल अजून."

*

चार-पाच वर्षं गेली असतील. एक दिवस शाळेतच तार आली. रुक्मी तापाने गेली.

सेतूबाईंनी फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं, हात धुतले, आणि मुख्याध्यापिकेकडे जाऊन रजा मागितली. तंजावरच्या पुढे कधी न गेलेली ती बाई एकटी गाडीत बसली. कमलांबाळनी बरोबर दहीभात बांधून दिला. दुसरं काय द्यावं हे आम्हाला कळेना.

त्या परतल्या तेव्हा कडेवर यमू होती. रुक्मीची मुलगी, तीन वर्षांची. तिकडे जावयाच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं.

"दिली कशी त्यांनी?" मी विचारलं.

"मी म्हटलें, लेंकरूं द्या." मग त्या म्हणाल्या, "या खेपेस माझी बोली ऐकून कोणी हसलें नाही, राधा."

*

पुढे एका रविवारी मी आणि कमलांबाळ सेतूबाईंच्या घरी गेलो. कापणी होऊन गेली होती. संध्याकाळी चौघी शेताच्या बांधावर फिरायला निघालो. नजर टाकावी तिकडे रिकामी, सपाट जमीन, आणि टोकाला आभाळ.

यमू एकाएकी थांबली. टाचा उंचावून चारी बाजूंना बघू लागली.

"काय बघत्येस ग?" सेतूबाईंनी विचारलं.

"आजी, इथे डोंगर नाही?"

"नाही, बाळ."

"कुठेच नाही?"

"कुठेंच नाही."

"काकू म्हणाली, आई डोंगराच्या पलीकडे गेली." यमूने पुन्हा दूरवर बघितलं. "इथे तर डोंगर नाही. मग आई दिसत का नाही?"

कमलांबाळना मराठी येत नव्हतं. "काय म्हणते?" त्यांनी मला तमिळमध्ये विचारलं.

सेतूबाईंनी यमूला उचलून खांद्यावर बसवलं. "आतां बघ," म्हणाल्या.

आणि दिवस मावळेपर्यंत त्या तिला घेऊन तशाच उभ्या राहिल्या.