कालिंदीआत्याने नेम मोडला

दुर्गाघाटावरची माझी आत्या, कालिंदी, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची. लग्न केलं नाही. अठरा वर्षं रोज पहाटे शेजारच्या पंचगंगा घाटावर गंगेत स्नान, मग जप. अंगात ताप असला तरी. घाटावरचे बिंदुमाधव गुरुजी यात्रेकरूंना तिच्याकडे बोट करून सांगत, या बाईंचा एक दिवस खाडा नाही.

१९९३च्या वैशाखात गुरुजी गावाला गेले होते. त्या पहाटे घाटावर ओळखीचं कुणीच नव्हतं. स्नान करून आत्या वर आली आणि तिला वाटलं, आजचं फुकट गेलं.

ती पायरीवरच थांबली. फुकट म्हणजे काय? गंगा तर होतीच. जपात मन ठरत नाही म्हणून इतकी वर्षं ती देवाशी भांडत होती. आड कोण येतंय ते तिला ओल्या लुगड्यात, तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ती घरीच नळाखाली अंघोळ करून जपाला बसू लागली. गल्लीत बोलणं सुरू झालं, हिची श्रद्धा उडाली. आत्याने कुणालाच कारण सांगितलं नाही. सगळ्यात कठीण तेच गेलं, असं ती मला पुढे म्हणाली. माळ हातात घेतली की मन वकिली सुरू करायचं: गुरुजींना हे सांगू, सुनीतीवहिनीला ते. सुनीती म्हणजे माझी आई. तसं झालं की आत्या पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरू करायची. कधी शाळेची वेळ व्हायची, तरी एक माळ पुरी झालेली नसायची.

भाद्रपदात मराठी मंडळाचे रत्नाकर पाध्ये आले. अखंड गंगास्नानाबद्दल तिचा सत्कार ठरला होता, पत्रिकाही छापून झाल्या होत्या. नेम सुटल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, पण निदान कार्यक्रमापर्यंत स्नानाला या, एवढंच त्यांचं म्हणणं.

"नाही येणार," आत्या म्हणाली. "ते स्नान मी तुमच्यासाठीच करत होते. आता माझ्यासाठी बसते. सभेत हेच सांगा."

पाध्यांनी तसं सांगितलं नाही. प्रकृतीच्या कारणाने सत्कार रद्द, अशी सूचना मंडळाच्या फळ्यावर लागली. अब्रू राहिली म्हणून आईला बरं वाटलं. आत्या मात्र तडक मंडळात गेली आणि खडूने खाली लिहून आली, "माझी प्रकृती ठणठणीत आहे. नेम मी स्वतः मोडला."

त्यावर मन इतकं खूश झालं की दोन दिवस जपच होईना, हेही तिनेच सांगितलं. तिने पुन्हा पहिला मणी धरला.

मार्गशीर्षात एका सकाळी ती जपावरून उठली आणि म्हणाली, "आज चार माळा झाल्या, कुणाशीही न भांडता."

मी विचारलं, "आणि उद्या?"

"उद्या मन आलं भांडायला, तर मीही बसलेलीच आहे," ती म्हणाली आणि दूध तापवायला गेली.