वगळलेली कड

त्या काळी नव्या मुंबईतल्या भरावाची माती अजून पुरती बसलेली नव्हती. बेलापूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात अरविंद सोमण संख्याशास्त्रज्ञ होते. जमिनी गेलेल्या गावांतल्या आणि नव्या वसाहतीतल्या मुलामुलींना तिथे विजेच्या मोटारींचे रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने बांधणे, शिकवीत. प्रवेशासाठी गणित व भाषा, दोहोंत उत्तीर्ण व्हावे लागे.

वर्गाने खरोखर काही साधते का, हे अरविंदरावांनी ठरवायचे होते. त्यांची रीत निर्दोष होती. जेमतेम आत आलेला आणि जेमतेम बाहेर राहिलेला, हे दोघे जवळपास सारखेच. पुढे त्यांच्यांत जे अंतर पडेल, ते वर्गाचे देणे. मात्र विषय दोन, म्हणून उत्तीर्णतेच्या कडाही दोन होत्या. अरविंदरावांनी गणिताची कड मोजली. भाषेची सोडून दिली. ज्यांना चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत, त्यांचे काय मोजायचे, असे त्या व्युत्पन्न गृहस्थाला सहज वाटून गेले. गणिताच्या कडेवर बहुतेक वसाहतीतली मुले होती. वर्ग मिळो न मिळो, वडिलांच्या ओळखीने कुठेतरी चिकटणारी. निष्कर्ष निघाला : लाभ शून्य. सोमवारी त्यावरून वर्ग बंद व्हायचा होता.

शनिवारी केंद्राचा पंप जळाला. दुरुस्तीला जवळच्या दिवाळे गावची गोजरा आली. याच वर्गात शिकलेली.

"वर्ग बंद करता म्हनं, सायब?" पंप उघडता उघडता ती म्हणाली. "मंग पुढल्या वेळी पंप कोन बांधनार, तुमी?"

अरविंदराव कसनुसे हसले. "तुला भाषेत किती होते गं?"

"काठावर सुटले. शेजारची दुर्गा दोन मार्कांनी र्‍हायली. ती सुकट वाळवते, माझ्याकडं बर्फाच्या कारखान्याच्या मोटारी येतात. डोकं तिचं माझ्यापरीस बरं हाय."

एका उदाहरणाने सिद्धान्त ठरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. रविवारी त्यांनी भाषेची कड मोजली. अंतर लख्ख होते. गावांतली मुले तिथेच उभी होती.

सोमवारी त्यांनी संचालिका सुचित्राबाईंपुढे नवे उत्तर ठेवले.

"ही कड आधी का वगळलीत? आकडे अपुरे होते?"

'हो' म्हणणे किती सोपे होते. अरविंदरावांची मान वर होईना.

"आकडे पुरेसे होते. ती मुलं मला मोजण्याच्या योग्यतेची वाटली नाहीत."

बाईंनी अहवाल त्यांच्याकडे सरकवला.

"वर्ग चालू राहील. तुमचं आत्ताचं वाक्य तेवढं यात लिहा, सोमण. तुमच्याच अक्षरात."