भाजलेल्या नळाचं पाणी

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. नागपूरच्या आमच्या वस्तीत नळ यावा म्हणून वडील नगरसेवकाच्या दारात उभे राहायचे, पण अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागायचा. म्हणून मी पाण्याचंच शिकलो, इथे इंग्लंडात येऊन मास्टर्स केलं, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत लागलो. मिल्टन कीन्सचे आयटीवाले मित्र चिडवायचे, "अरे, विलायतेत येऊन नळच तपासतोस?" मी म्हणायचो, "तपासतो. तुझ्या कोडवाचून कुणाला जुलाब होत नाहीत."

ज्या घरांना मेन्सचं, म्हणजे सार्वजनिक पाइपलाइनचं पाणी नाही, स्वतःची बोअर आहे, ती तपासणीसाठी माझ्याकडे. त्यात कॅरव्हॅनमध्ये राहणाऱ्या भटक्या कुटुंबांची एक वस्ती होती. शेजारच्या शेतात पातळ शेणखत फवारायचे. पोरांची पोटं सारखी बिघडलेली. त्यांचं मागणं एकच: मेन्सची पाइपलाइन द्या. कौन्सिल म्हणे, आधी पाणी खराब असल्याचं दिसू दे. ते बघणं माझं काम, आणि ते मी दरवर्षी मनापासून करायचो.

पद्धत अशी: नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा, तोटी गॅसच्या ज्योतीनं भाजायची, मगच बाटली भरायची. तोटीवरची घाण पाण्याच्या नावावर जाऊ नये म्हणून. यात माझा हात इतका बसलेला, की नव्या लोकांना मीच शिकवायचो.

वस्तीतली म्हातारी मला बघून ओरडायची, "आला बघा, नळ भाजणारा!" एकदा म्हणाली, "आमची पोरं काही भाजून पीत नाहीत रे. सकाळी उठतात नि नळाला तोंड लावतात." मी हसून तिला पद्धत समजावली. शिकलेला ना मी! रिपोर्ट दरवर्षी स्वच्छ.

मग तिच्या नातीला हॉस्पिटलात सलाइन लावावं लागलं. मी सकाळी सातला गेलो. नळ वाहू दिला नाही, भाजला नाही. वस्तीच्या छोट्या जुन्या टाकीत नि चिरलेल्या पाइपात रात्रभर साचलेलं पहिलं पाणी, जे एरवी त्या पाच मिनिटांत वाहून जायचं, तसंच बाटलीत घेतलं. लॅबचं उत्तर आलं: विष्ठेतले जंतू.

मॅनेजर म्हणाली, "हा नमुना धरता येणार नाही. पद्धत तुला माहीत नाही का?"

"ते लोक हेच पाणी पितात."

"असेल. पण तुझेच आधीचे सगळे रिपोर्ट याच्या उलट बोलतात. पद्धतीनं पुन्हा घे."

घेतला. पाच मिनिटं वाहू दिला, भाजला. स्वच्छ आला.

मी आयुष्यात एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर निदान माफी तरी मागता आली असती.

अर्ज फेटाळल्याचं पत्र म्हातारीला पोस्टानं आलं. तिला वाचता येत नव्हतं. मी गेलो तेव्हा तिनं ते माझ्याच हातात दिलं. मी मोठ्यानं वाचलं: पाणी वर्षानुवर्षे पिण्यायोग्य असल्याचे अधिकृत अहवालांवरून दिसते, त्यामुळे जोडणीची आवश्यकता नाही.

"हे अहवाल कुणाचे?"

"माझे."

मी पत्र पुढे केलं. तिनं घेतलं नाही.

"तूच ठेव," म्हणाली, नि पोरांना हाका मारत आत गेली.