वैद्याशी भांडण

पट्टी सोडली की ते आधी जखमेकडे पाहत नसत, वास घेत. खाली वाकून, डोळे मिटून, चुलीवरची आमटी लागली तर नाही ना, हे पाहावं तसा. मग डोळे उघडून पेशंटला सांगत, "चांगली हाय. निस्ती जखमेला घाई न्हाय." घाई बाकी सगळ्यांना असे. पेशंटला ऊसतोडीला जायचं असे, नातेवाइकाला बस गाठायची असे आणि आमच्या वरिष्ठांना बाहेरची रांग संपलेली पाहायची असे.

सरकारी कागदावर त्यांचं पद 'व्रणोपचारक' असं होतं. ड्रेसिंग करणाऱ्या माणसाला इतका जड शब्द कुणी दिला, ते ठाऊक नाही. बहुधा ज्याला कधी जखम झाली नसेल अशा माणसानं दिला असावा. पेशंट त्यांना मामा म्हणत आणि आम्हीही. मी त्याच सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसतो. कळंबच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दोघांपुढे सारखीच गर्दी असे. फरक एवढाच, की मी माणशी अर्धं मिनिट घेत असे आणि ते अर्धा तास.

तुम्ही त्या ड्रेसिंगच्या खोलीत कधी गेला असाल, तर टेबल असं तिरपं का लावलंय हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मामांनी ते मुद्दाम तसं लावलं होतं, दारातून येणाऱ्याला त्यांची उजवी बाजू दिसावी म्हणून. बारा-तेरा वर्षांचे असताना गुऱ्हाळावर उकळती काकवी त्यांच्या अंगावर उडाली होती. डाव्या गालापासून गळ्यापर्यंतची कातडी आवळून आली होती, डोळ्याचा कोपरा खाली ओढला गेला होता आणि कानाची नुसती गाठ राहिली होती. तेव्हा कित्येक महिने ते रोज पट्टी बदलून घ्यायला जात. हे काम शिकायला आपल्याला वेगळी शाळा लागली नाही, असं ते म्हणत. त्यामुळेच की काय, चिकटलेली पट्टी ते कधी ओढून काढत नसत. कोमट सलाईनची धार धरून, ती आपण होऊन सुटेपर्यंत पेशंटशी गप्पा मारत. रांग वाढे, वरिष्ठ दारात येऊन घड्याळ पाहत. मामाही मान वर करून घड्याळ पाहत आणि पुन्हा धार धरत.

एकदा त्या खोलीला नवा रंग दिला गेला. आमच्याकडे रंग दिला तरी उद्घाटन होतं. पाहुणे आले, हार आले, कात्री ताटात सजली, आणि फीत आणायची राहून गेली. मामांनी कपाटातून बँडेजचा रोल काढून दिला. एक टोक दाराला बांधलं आणि दुसरं धरायला माणूस हवा होता म्हणून मामा उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "मामा, जरा बाजूला सरका, तिकडं." ते सरकत सरकत चौकटीबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाहुणे बँडेज कापताहेत, डॉक्टर टाळ्या वाजवताहेत आणि कडेला एक हात आहे. तो फोटो त्यांनी मला दाखवला. "हात बरा आलाय," म्हणाले.

अशा माणसाला कॉम्प्युटरवर खेळायचा नाद असेल, असं तुम्हाला वाटलं नसतं. मलाही वाटलं नव्हतं. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरामागच्या खोलीत राहत आणि तिथं एक जुना कॉम्प्युटर होता. राक्षस, किल्ले, जादूगार असं सगळं असलेले खेळ. आपण त्यात एखादं पात्र घ्यायचं आणि टोळीबरोबर हिंडायचं. बाकीचे तलवारवाले होत, हे न चुकता जखमी बरे करणारे होत. तसाच एक मोठा नवा खेळ परदेशातली कुठलीशी कंपनी आणणार होती. त्याचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही. आमच्या भागातल्या प्रत्येक मंजूर कामासारखा तो 'लवकरच' येणार होता.

त्या न आलेल्या खेळावर वाद घालणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात लातूरचे, बार्शीचे, येरमाळ्याचे, पुण्यात शिकणारे असे चाळीसेक जण होते. एकमेकांना कुणी पाहिलेलं नव्हतं. तिथं मामांचं नाव होतं 'वैद्य'. कंपनीची पत्रकं इंग्रजीत येत आणि ती वाचून सांगायला त्यांना मी हवा असे, म्हणून त्यांनी मलाही ग्रुपमध्ये घेतलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सलाईनच्या खोक्यांवर बसून मी वाचत असे आणि ते भाकरीचा घास हातात तसाच धरून ऐकत.

मोठा वाद होता तो जखमा बऱ्या होण्याचा. कंपनी म्हणत होती, हिरवं औषध प्यायलं की जखम क्षणात भरेल. मामांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, वैद्यानं जखमीजवळ बसलं पाहिजे, पट्टी बदलली पाहिजे, भरलेली जागा काही दिवस नाजूक राहिली पाहिजे. ग्रुपवर गदारोळ उठे. ईट गावची एक मुलगी त्यांची सगळ्यात कडवी विरोधक होती. महा-ई-सेवा केंद्रात दाखले काढून देण्याचं काम करी आणि भांडायला सवड कुठून काढी, कळत नसे. ती लिही, "ए वैद्या, तुझ्या खेळात राक्षस म्हातारा होऊन मरेल, तोवर तू पट्टीच बांधत बसशील." मामा हे वाचून इतके हसत, की आवळलेल्या गालाला रग लागे आणि तो हातानं धरावा लागे. मग खोक्यावर बसून, एका बोटानं, तासभर उत्तर लिहीत.

मला हा सगळा पोरखेळ वाटे आणि मी तसं म्हणतही असे. एक दिवस त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्याशी श्येवटचं कोन कवा भांडलं?" मी आठवू लागलो. वरिष्ठ रागावतात, गिऱ्हाईक चिडतं, बायको बोलत नाही. पण भांडण? "माझ्याशी कुनीच भांडत न्हाय," ते म्हणाले. "त्वांड बघत्यात अन् गप बसत्यात. हितं त्वांड दिसत न्हाय."

मग खेळाच्या आधी कंपनीनं नुसती चेहरे बनवायची सोय खुली केली. आपल्या पात्राचं नाक, डोळे, रंग, उंची, सगळं आपण ठरवायचं. नाकाचेच चाळीस नमुने होते. जखमांच्या खुणाही होत्या. भुवईवरून एक बारीक रेघ, गालावर एक तिरकी. मामांनी त्या निरखून पाहिल्या. "ह्यो व्रण न्हाय," म्हणाले, "ह्यो दागिना हाय."

ग्रुपवर जो तो आपला चेहरा टाकू लागला. सगळे राजपुत्र. आमच्या जिल्ह्यात एवढे देखणे लोक असतील, तर ते एसटीत कधी दिसत नाहीत. मामा पंधरा दिवस काहीच बोलले नाहीत. मग एका दुपारी त्यांनी एक चेहरा टाकला, सोबत एक शब्दही न लिहिता. दोन्ही बाजू सारख्या ठेवायची सोय बंद करून, डाव्या बाजूला म्हातारपण चढवून, डोळ्याचा कोपरा खाली ओढून, त्या चाळीस नाकांच्या कारखान्यातून त्यांनी हुबेहूब स्वतःचा चेहरा काढला होता. मी खिडकीत बसून पाहिला आणि माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली.

ग्रुपला तो राक्षस वाटला. लोक हसून हसून बेजार झाले. सर्वांत भयानक राक्षस कोणता यावर मतदान झालं आणि वैद्याला एकगठ्ठा मतं पडली. ईटच्या मुलीनं लिहिलं, "ए वैद्या, झोपेत येईल ना हा." मामा खिडकीपाशी आले, फोन माझ्यापुढे धरला. "पैला नंबर आला," म्हणाले. चेहऱ्यावर काय होतं, ते मला सांगता येणार नाही. त्या चेहऱ्यावरचं वाचायला मी कधी शिकलोच नव्हतो.

आता मी काय केलं ते ऐका. मी औषध देणारा माणूस. चिठ्ठीवर दुखणं लिहिलेलं दिसलं की हात फळीकडे जातो, जखम काही मी पाहत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी ग्रुपवर पहिल्यांदाच लिहिलं. तेवीस वर्षांची नोकरी बोटांत उतरली. "सदर चेहरा हा राक्षसाचा नसून वैद्य या सदस्याचा स्वतःचा आहे. ते लहानपणी भाजलेले असून गेली अनेक वर्षे रुग्णसेवा करीत आहेत. तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी."

सर्वांनी नोंद घेतली. मतदान पुसलं गेलं. चाळीस माफ्या आल्या, हात जोडलेल्या, फुलं वाहिलेल्या. कुणी लिहिलं, आपण आमची प्रेरणा आहात. 'ए वैद्या'चे 'वैद्यकाका' झाले, तूचे तुम्ही झाले. मला वाटलं, चांगलं काम झालं.

दुसऱ्या दिवशी मामा सुट्टीत आले नाहीत. मीच त्यांच्या खोलीत गेलो. ते कात्र्या उकळत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी लई घाई केली, साहेब."

मी म्हणालो, त्यांना कळायला नको का?

"कळलं असतं. म्याच सांगनार व्हतो. येरमाळ्याला सगळे भेटायचं ठरत व्हतं. म्हणलं, आदी हसू द्या, भांडू द्या, मंग समोर जाऊन हुबं ऱ्हावं. हसलेलं मानूस लाजतंय, पर बोलायचं ऱ्हात न्हाय." त्यांनी चिमट्यानं एक कात्री उचलली, पाहिली, परत पाण्यात सोडली. "आता बगा, कुनी न्हाय बोलनार."

तसंच झालं. ते जखमांबद्दल लिहीत, आणि खाली रांग लागे, 'बरोबर आहे काका', 'काका म्हणतात तेच खरं.' ईटच्या मुलीनंसुद्धा हात जोडले. येरमाळ्याच्या भेटीचं पुढे कुणी काढलं नाही. एकदा तर मामांनी, मुद्दाम असणार, आपल्या सगळ्या म्हणण्याच्या उलट लिहिलं. औषधाचा थेंब टाकला की मेलेलासुद्धा उठून पळाला पाहिजे. आता तरी कुणी हटकेल म्हणून ते खोक्यावर बसून फोनकडे पाहत राहिले. पाच मिनिटांत सात जणांनी हात जोडले. मामांनी फोन उपडा ठेवला आणि भाकरी बांधून घेतली.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. लातूरला नेताना वाटेतच गेले. ग्रुपवर कळवायचं काम माझ्याकडे आलं. या वेळी मी चारच शब्द लिहिले.

शोकसभा झाली. ज्यांनी त्यांना घड्याळ दाखवलं होतं त्यांनी त्यांच्या संयमावर भाषण केलं. दवाखान्याच्या फाटकावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे फोटो साफ करून दिला होता. तुम्ही पाहिलंच असेल, या फ्लेक्सवाल्यांच्या हातातून गेलेला प्रत्येक जण गोरा आणि गुळगुळीत होऊन बाहेर पडतो. मामांचे दोन्ही गाल सारखे झाले होते, कानही नवा आला होता. हवा तसा चेहरा करून द्यायची सोय आमच्या चौकात त्या कंपनीच्या आधीपासून आहे. मामांचे पेशंट फ्लेक्सखालून जात होते आणि आत येऊन विचारत होते, मामा कुठं गेले?

दहाव्यानंतरच्या सोमवारी खिडकीसमोर एक पंचविशीची मुलगी उभी राहिली. हातात चिठ्ठी नव्हती. म्हणाली, "बाहेरचा फ्लेक्स कुणाचा आहे?" मी सांगितलं. ती परत फाटकापर्यंत गेली, वर पाहिलं, परत आली. "हे ते नाहीत," म्हणाली. "मी ईटची."

मी तिला सलाईनच्या खोक्यावर बसवलं. बॅगेची चेन उघडझाक करत ती म्हणाली, "तुमचा मेसेज आला त्या दिवशी मी वैद्याला उत्तर लिहून ठेवलं होतं. मोठं. पाठवणारच होते. मग तुमचा मेसेज वाचला आणि हात जोडून मोकळी झाले."

"वाच," मी म्हणालो.

तिनं फोन काढला. वाचताना तिचा आवाज भांडायला लागला.

"ए वैद्या, ऐक. जखमेला वेळ लागतो हे तू मला शिकवू नको. माझी आई दीड वर्ष पायाची जखम घेऊन बसली आहे. रोज पट्टी मीच बदलते. ती बदलून मी खेळायला बसते. निदान तिथं तरी एक जखम माझ्या हातानं पटकन भरू दे की. तुला सगळं खऱ्यासारखंच पाहिजे, तर तू खेळायला येतोस कशाला?"

खिडकीबाहेर कुणीतरी चिठ्ठी आपटत होतं. मी उठलो नाही. या प्रश्नावर मामांकडे उत्तर असतं. एका बोटानं लिहायला तासाच्या जागी दोन तास लागले असते, पण असतं.

"पाठवू?" तिनं विचारलं. "त्याचा नंबर आहे अजून ग्रुपमध्ये." मामांचा फोन भावाकडे बंद पडून होता.

"पाठव. तूच ठेव, तुम्ही करू नकोस."

तिनं पाठवलं. पुण्याच्या एकानं लगेच लिहिलं, पण वैद्याचंच बरोबर होतं. बार्शीचा त्याच्यावर धावून गेला. कित्येक महिन्यांनी ग्रुपवर भांडण पेटलं. ईटची मुलगी खोक्यावर बसून भराभर टाइप करत होती, आणि मध्येच थांबून, अंगठ्यानं वर सरकून, आपल्या त्या पहिल्या मेसेजकडे पाहत होती. चाळीसही फोनांवर पोचल्याशिवाय दुसरी टिक उमटत नाही. बस सुटायची वेळ झाली तेव्हाही तिथं एकच होती.