डांबर की काँक्रीट

मसोलीत आम्ही राहायला आलो तेव्हा डहाणू रोड स्टेशनकडून येणारा मोठा रस्ता डांबरी झालेला होता. दोन-चार गल्ल्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्यांत आमची. तिच्यावर खडी टाकून ठेवली होती. दाबून बसवायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. रिक्षावाले गल्लीच्या तोंडाशीच उतरवून द्यायचे.

मी सायकलने शाळेत शिकवायला जात असे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी-शेवटी एका सकाळी समोरून चिकूच्या करंड्यांनी भरलेला टेम्पो आला. त्याला वाट द्यायला मी कडेला झाले, चाक खडीत घसरलं आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. दवाखान्यातून परत आणताना रिक्षा आत यायला तयार होईना. शेवटी मला खुर्चीत बसवून, ती खुर्ची उचलून घरी आणलं. पाय प्लास्टरमध्ये, आणि खाट व्हरांड्यात, वारा लागावा म्हणून.

त्याच सुमारास राहिलेल्या गल्ल्या पाहायला एक इंजिनिअर आले. त्यांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. डांबर करता येईल, काँक्रीट करता येईल, नाहीतर तूर्त मुरूम टाकून रोलर फिरवता येईल. काहीही केलं तरी आधी जुनी खडी उकरून काढू, म्हणजे रस्ता उंच होणार नाही. तुम्ही फक्त कुंपणं जरा मागे घ्या आणि काय हवं ते एकमताने कळवा.

एकमताने! त्या एका शब्दाने माझे पुढचे दोन महिने खाल्ले.

बैठका आमच्याच व्हरांड्यात भरायच्या, कारण तोच सगळ्यात मोठा. मला उठून जाता येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक बैठकीला मी हजर. आमचे हे रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्यांचं म्हणणं, करायचं तर काँक्रीट, नाहीतर काहीच नको. समोर चिकूची वाडी होती, तिचे मालक काँक्रीटला कबूल नव्हते. झाडांच्या मुळांना पाणी कुठून मिळणार, असं ते विचारत. कुंपणाचा विषय निघाला की त्यांना वाडीवर काम आठवायचं. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या घराचं जोतं बुटकं. रस्ता उंच झाला तर पावसाचं पाणी आपल्या स्वयंपाकघरात येईल, हे त्यांनी दर बैठकीत नव्याने सांगितलं. मी खाटेवरून म्हणायची, खडी आधी काढणार आहेत, उंची वाढणार नाही. त्यावर मास्तर मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

एकदा तर सगळे मुरमावर आले होते. तेवढ्यात ह्यांनीच विचारलं की मुरूम पहिल्या पावसात वाहून गेला तर जबाबदार कोण? झालं. चहा पिऊन सगळे घरी.

वाडीवाल्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, मला रोज दुपारी डबा आणून द्यायच्या. मूळच्या गुजरातीभाषक, मराठी बोलताना मधूनच गुजरातीत शिरायच्या. पुरुष बोलत असताना मध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती. एका दुपारी त्यांनी सांगितलं, मुलगी पहिल्या बाळंतपणाला येतेय, आणि तिला गल्लीच्या तोंडापासून चालत कसं आणायचं या काळजीने झोप लागत नाही. मी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हटलं, "काकी, हे मला नका सांगू. रविवारी त्यांना सांगा."

"मारू कोण ऐकणार, बेन?"

"माझंही कुणी ऐकत नाही. दोघी मिळून बोलू."

रविवारी मास्तरांचं जोतं नुकतंच सुरू झालं होतं. काकी डबा घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या. आत न जाता, नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "कुंपण मी काढून घेते. कामाला माणसं बोलावली आहेत. डांबर करा, सिमेंट करा, पण मुलगी यायच्या आधी करा."

वाडीवाले चष्मा पुसू लागले. मी लगेच म्हटलं, डांबर लवकर होतं, खडी आधी निघणार आहे, झाडांना फारसा अडथळा नाही, कुणाची हरकत? ह्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं.

पावसाच्या आधी काम झालं. काकींची मुलगी रिक्षातून दारात उतरली. मी कुबडी टेकत बघायला गेले, तेव्हा काकींनी तिला माझ्या पाया पडायला लावलं आणि मला संकोच वाटला.

डांबर पडत होतं त्या दिवशी तिन्ही पुरुष कडेला उभे होते. मास्तर सांगत होते, खडी आधी उकरायची कल्पना आपलीच. वाडीवाले सांगत होते, कुंपण त्यांनी आपणहून दिलं. आमचे हे म्हणत होते, घाईत डांबराशिवाय पर्याय नाही, हे ते पहिल्यापासून जाणत होते. मी ते खिडकीतून ऐकलं. इतका संताप आला की हसूच फुटलं. मग वास घरभर पसरू लागला, म्हणून खिडकी लावून घेतली.