लाल दिव्याचे साठ धोटे

माझ्या पहिल्या सेकंडहँड गाडीला थांबणं वर्ज्य होतं. चाकं थांबली की इंजिन बंद, आणि मग ढकलल्याशिवाय ते चालू होत नसे. आंधळगावहून भंडाऱ्यापर्यंत काही अडचण नव्हती. भंडाऱ्याच्या चौकात मात्र सिग्नल होता.

तोडगा बाबांनी काढला. चाळीस वर्षं मागावर कोसा रेशीम विणलेला माणूस; माग विकला तरी हातपाय विणतच होते. चौकातल्या टपरीवर चहा पीत त्यांनी लाल दिवा मोजून काढला. धागा घेऊन धोटा साठ वेळा या काठावरून त्या काठावर गेला की हिरवा. लांबून दिवा लाल होताना दिसला की ते माझ्या शेजारी बसून हवेत धोटा फेकू लागायचे, पायाने खाली नसलेली मागाची पावडी दाबायचे.

"अजून वीस आहेत, हळू घे," म्हणायचे. मी रांगत जायचो आणि चौकात पोचताच दिवा हिरवा. एकदाही चुकले नाहीत. डिप्लोमा झालेल्या मला त्याचा फार राग यायचा.

मग आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच येत, आणि त्यांनी दहाच्या आत बोलावलं होतं. आई मागच्या सीटवर. समोर दिवा लाल झाला, बाबांचे हात सुरू झाले आणि एकतिसाव्या धोट्याला थांबले.

"काय झालं?"

"धागा तुटला."

"कोणता धागा, बाबा? मले तर दिसून नाही राहिला."

"तुटल्यावर कसा दिसंन?"

चौक जवळ येत होता आणि माझे वडील, पूर्ण शुद्धीत, हवेला गाठ मारत होते. धागा तुटला की मोजणी थांबते, हा त्यांचा कायदा. दिव्याला तो कोणी कळवलेला नव्हता. त्यातून गाठही बसेना.

"हात थरथरून राहिले का जी तुमचे?" आईने मागून विचारलं. तिला हात दिसत नव्हते, मलाही आत्ताच दिसले.

"मले लय भेव लागते," बाबा म्हणाले.

"ऑपरेशन माह्यं, अन् भेव तुमाले?" तिने अंदाजाने हात पुढे केला.

माझा पाय ब्रेकवर गेला. इंजिन गेलं. दिवा हिरवा झाला आणि मागे हॉर्नची बोंबाबोंब. हवालदार काठी उगारत आला. मी त्याला आईचे डोळे सांगितले, धागा सांगितला नाही. तो मागून ढकलू लागला, मी उघड्या दारातून एक हात स्टिअरिंगवर ठेवून.

"ते बाबाजी आरामात बसून आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "त्यायले उतरवा ना जी!"

मी आत पाहिलं. बाबा पूर्ण मागे वळून बसले होते, आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून. माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला.

"राहू द्या," मी म्हणालो. "त्यायले नाही जमणार."

दवाखाना पलीकडच्याच गल्लीत होता. दहाच्या आत आम्ही त्या दोघांना ढकलत फाटकाशी नेलं.